समान चुकांची साक्ष : पोथ्यांच्या वंशवृक्षापासून जीवांच्या वंशवृक्षापर्यंत

जुन्या हस्तलिखितांच्या अभ्यासकांना एक नियम फार काळापासून ठाऊक आहे. दोन पोथ्यांत एखादी ओळ सारखीच शुद्ध आढळली, तर त्यावरून त्या पोथ्यांच्या परस्परनात्याविषयी काहीच सिद्ध होत नाही. मूळ ग्रंथात जे होते ते दोघा लेखनिकांनी प्रामाणिकपणे उतरवले, एवढाच त्याचा अर्थ. परंतु दोन पोथ्यांत एकाच जागी एकच ओळ गळालेली असेल, एकच शब्द एकाच रीतीने बिघडलेला असेल, तर त्या दोन्ही एकाच सदोष पोथीच्या लेकी आहेत असे मानावे लागते. शुद्धता मूळ ग्रंथाची साक्ष देते. चूक वंशाची साक्ष देते.

या तत्त्वाला शास्त्राची शिस्त लावण्याचे श्रेय मुख्यतः जर्मन पंडित कार्ल लाखमान (१७९३–१८५१) यांना दिले जाते. १८३१ साली त्यांनी नव्या कराराची ग्रीक संहिता जुन्या पोथ्यांच्या आधारे सिद्ध केली. १८५० साली लॅटिन कवी लुक्रेशियसच्या काव्याची आवृत्ती काढताना तर त्यांनी उपलब्ध पोथ्यांतील समान दोषांवरून एका हरवलेल्या पूर्वज पोथीचे स्वरूप निश्चित केले आणि तिच्या प्रत्येक पानावर २६ ओळी असाव्यात, इथवर अनुमान नेले. जी पोथी कोणीही पाहिली नव्हती, तिचे पान मोजले गेले!

आपल्या महाराष्ट्रालाही ही परंपरा परकी नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य हाती घेतले. १९२५ पासून त्याची धुरा वाहणाऱ्या डॉ. वि. सी. सुखटणकरांनी आदिपर्वाला जोडलेल्या १९३३ च्या प्रस्तावनेत एक मोलाचा इशारा दिला आहे. महाभारताचे लेखनिक एकाच पोथीवर विसंबून राहिले नाहीत. त्यांनी अनेक पोथ्या समोर ठेवून एकीतले दुसरीत मिसळले. त्यामुळे महाभारताच्या पोथ्यांचा निर्भेळ वंशवृक्ष काढणे शक्य नाही. या इशाऱ्याची आठवण वाचकांनी मनात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हीच विद्या एका निराळ्याच ग्रंथाला लागू झाली. तो ग्रंथ प्रत्येक सजीवाच्या पेशीत आहे. डीएनएच्या धाग्यावर चार रासायनिक अक्षरांत तो लिहिलेला असतो, पिढी दर पिढी उतरवला जातो, आणि उतरवताना क्वचित कोठे अक्षर चुकते. ती चूक घातक नसेल तर पुढच्या सर्व प्रतींत कायम राहते. पेशी या लेखाच्या आधारे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांच्या माळा गुंफते. त्याच प्रथिने होत. चार्ल्स डार्विन यांच्या १८५९ च्या ग्रंथात आकृती एकच होती, ती फांद्या फुटत गेलेल्या वंशवृक्षाची. परंतु तो वृक्ष प्रत्यक्ष काढायला त्या काळी हाडे, दात, पिसे आणि फुले एवढीच साधने होती.

पहिले अक्षरवाचन केंब्रिजचे फ्रेडरिक सँगर यांनी साधले. १९५५ पर्यंत त्यांनी गाईच्या इन्सुलिनमधील ५१ अमिनो आम्लांचा संपूर्ण क्रम लावला. १९५८ चे नोबेल पारितोषिक त्यासाठीच त्यांना मिळाले. पुढे तुलना झाली तेव्हा दिसले, की डुकराचे इन्सुलिन माणसाच्या इन्सुलिनहून एका अक्षराने आणि गाईचे तीन अक्षरांनी भिन्न आहे. एमिल झुकरकांडल आणि लायनस पॉलिंग यांनी १९६५ साली याचे मर्म सांगितले : हे रेणू म्हणजे उत्क्रांतीच्या इतिहासाचे दस्तऐवज आहेत.

दस्तऐवज असले म्हणजे दप्तर हवे आणि दप्तरदारही हवा. ते काम अमेरिकेत डॉ. मार्गारेट डेहॉफ (१९२५–१९८३) यांनी केले. रसायनशास्त्रातील संशोधनासाठी छिद्रपत्रांची गणनयंत्रे वापरून १९४८ साली त्यांनी कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली होती. १९६५ साली त्यांनी सहकाऱ्यांसह प्रथिनांच्या क्रमांचा कोश प्रसिद्ध केला. त्या पहिल्या आवृत्तीत अवघी ६५ प्रथिने होती. संगणकाची जागा वाचावी म्हणून प्रत्येक अमिनो आम्लाला एकाक्षरी चिन्ह देण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. ती आजही जगभर चालू आहे. कोणते अक्षर बदलून कोणते होणे सोपे आणि कोणते कठीण, याची कोष्टकेही त्यांनीच प्रथम मांडली. आज जगातील सर्वच संशोधक ज्या सार्वजनिक भांडारांवर अवलंबून असतात, त्यांचे बीज या कोशात आहे.

आता तुलनेची अडचण पाहू. एका पोथीत ‘राम गेला वनासी’ आणि दुसरीत ‘राम गेला घोर वनासी’ असे असेल, तर शब्दाखाली शब्द मांडताच ‘वनासी’खाली ‘घोर’ येतो आणि तेथून पुढचे सर्व विसंगत दिसू लागते. वाचणारा माणूस लगेच एक जागा मोकळी सोडतो. यंत्राला मात्र ती कोठे सोडावी हे कळत नाही. शंभर-शंभर अक्षरांच्या दोन ओळी घेतल्या, तरी मोकळ्या जागा सोडून त्या जुळवण्याचे मार्ग इतके आहेत की त्यांची संख्या लिहायला ५० हून अधिक अंक लागतील. शिकागोजवळील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे सॉल नीडलमन आणि ख्रिश्चन वुन्श यांनी १९७० साली यावर तोड काढली. एक ओळ कोष्टकाच्या माथ्यावर आडवी, दुसरी कडेला उभी मांडावी आणि प्रत्येक घरात तिथवर पोहोचण्याच्या उत्तम मार्गाचे गुण लिहीत जावे. १०,००० घरे भरली की सर्वांत चांगली जुळणी आपोआप हाती येते. १९९० साली ‘ब्लास्ट’ ही आज्ञावली आली. तिने थोडी अचूकता सोडून फार मोठा वेग साधला, आणि नव्या क्रमाचे नातलग लक्षावधी नोंदींतून काही क्षणांत शोधणे शक्य झाले.

जुळणीनंतर वृक्ष. वॉल्टर फिच आणि इमॅन्युएल मार्गोलियॅश यांनी १९६७ साली सायटोक्रोम-सी या एकाच प्रथिनावरून २० जीवांचा वंशवृक्ष संगणकाने काढला. मानव आणि चिंपांझी यांच्या या प्रथिनातील १०४ अक्षरे तंतोतंत एक आहेत. घोड्याशी तुलना केली तर १२ ठिकाणी फरक पडतो. वृक्ष बहुतांशी प्राणिशास्त्राशी जुळला. मात्र त्यात कासव सापाजवळ न बसता पक्ष्यांच्या शेजारी जाऊन बसले होते, आणि ही विसंगती लेखकांनी प्रांजळपणे नोंदवली. नवल असे, की २०१२ साली शेकडो जनुकांवर आधारलेल्या अभ्यासांनी कासवाचे जवळचे नाते पक्षी आणि मगरी यांच्याशीच असल्याचे दाखवले. यावरून १९६७ चे गणित द्रष्टे होते असे समजू नये; त्याच वृक्षात कांगारूची जागा चुकलीच होती. एका प्रथिनाचा पुरावा थोडा, त्याने कधी खरे सांगितले, कधी फसवले.

फसवणुकीची कारणे जोसेफ फेल्सन्स्टाइन यांनी शोधली. दहा जीव घेतले तर त्यांचे २०,२७,०२५ निरनिराळे मूळरहित द्विशाखी वृक्ष संभवतात. वीस घेतले तर ही संख्या २१ अंकी होते. सर्व वृक्ष तपासणे अशक्य. शिवाय, ज्यात कमीत कमी बदल मानावे लागतात तो वृक्ष खरा, हा सोपा नियम काही परिस्थितीत चुकीच्या उत्तराकडे नेतो आणि पुरावा वाढवावा तसा अधिक ठामपणे नेतो, हे त्यांनी १९७८ साली सिद्ध केले. १९८१ साली त्यांनी डीएनएच्या क्रमांसाठी संभाव्यतेवर आधारलेली व्यवहार्य रीत दिली. १९८५ साली वृक्षाच्या प्रत्येक फांदीवर किती विश्वास ठेवावा हे अजमावण्याची युक्तीही त्यांनी सुचवली. निष्कर्षाबरोबर त्याच्या खात्रीचे मापही सांगावे, हा धडा केवळ जीवशास्त्रापुरता नाही.

दरम्यान इलिनॉय विद्यापीठाचे कार्ल वूज यांनी सर्व सजीवांत आढळणाऱ्या रायबोसोमच्या आरएनएची तुलना चालवली होती. १९७७ साली त्यांनी जॉर्ज फॉक्स यांच्यासह जाहीर केले, की मिथेन निर्माण करणारे काही सूक्ष्मजीव दिसायला जिवाणूंसारखे असले तरी वंशाने जिवाणूंपासून अगदी दूरचे आहेत. जीवसृष्टीची एक आख्खी शाखा सूक्ष्मदर्शकाखाली असूनही अनोळखी राहिली होती; ती अक्षरांच्या तुलनेने ओळखली गेली.

१९९५ साली हीमोफिलस इन्फ्लुएन्झी या जिवाणूचा १८ लक्ष ३० हजार अक्षरांचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. माणसाचा मसुदा २००१ साली आणि चिंपांझीचा २००५ साली प्रसिद्ध झाला. जेथे त्या दोहोंची अक्षरे समोरासमोर जुळवता येतात, तेथे अक्षरबदल सुमारे १.२ टक्के आहे. परंतु लाखमान असते तर त्यांनी साम्यापेक्षा समान चुकांकडे बोट दाखवले असते. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात; माणसाला ते करता येत नाही. १९९४ साली जपानी संशोधकांनी दाखवले, की त्यासाठी लागणारे जनुक माणसात आहे, पण मोडक्या अवस्थेत. वानर आणि माकडे यांच्यातही ते मोडलेले आहे आणि मोडतोडीच्या काही खुणा त्याच जागी आहेत. गिनीपिगमध्येही ते निकामी आहे, पण निराळ्या रीतीने. एकाच जागी गळालेली ती ओळच जणू!

आता सुखटणकरांचा इशारा. जिवाणू एकमेकांना जनुके उसनी देतात. ही देवघेव इतकी विपुल आहे, की १९९९ साली फोर्ड डूलिटल यांनी अशा जीवांचा इतिहास एका वृक्षात मावतो काय, असा प्रश्न विचारला; त्यांना जाळ्याचे चित्र अधिक खरे वाटले. माणसाच्या पोथीतही मिसळण आहे. स्वांते पेबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली निअँडरथल मानवाचा जनुकसंच सादर केला, तेव्हा आफ्रिकेबाहेरील लोकांच्या जनुकसंचात त्याचा १ ते ४ टक्के वाटा असल्याचा त्यांचा अंदाज होता. या संशोधनासाठी पेबो यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

उसनवारीची परतफेडही झाली. १९९८ साली केंब्रिजच्या जीवशास्त्रज्ञांनी साहित्याच्या अभ्यासकांबरोबर चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधील एका प्रस्तावनेच्या ५८ हस्तलिखितांना जनुकांसाठी घडवलेल्या आज्ञावली लावल्या आणि पोथ्यांचे कुलसंबंध मांडले. विद्या जिथून निघाली होती तिथे ती नवी साधने घेऊन परत आली.

या साऱ्याचा आपल्या जगण्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील कुमारसामी तंगराज आणि लालजी सिंग यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर २००९ साली भारतातील २५ समूहांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील बहुतेक समूह दोन प्राचीन लोकसमुदायांच्या मिश्रणातून आलेले निघाले. प्रमाण कमीअधिक, मिश्रण मात्र उच्च मानलेल्या आणि नीच लेखलेल्या दोन्ही जातींत. २०१३ च्या पुढील अभ्यासाने या संमीलनाचा काळ सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीचा ठरवला. त्यानंतर जातीअंतर्गत विवाहाची कुंपणे पक्की होत गेली. म्हणजे कुंपणाच्या दोन्ही बाजूंना उभे राहून जे आपल्या निर्भेळ कुळाचा अभिमान मिरवतात, त्यांच्या पोथ्या कुंपण पडण्याआधीच एकमेकींत मिसळलेल्या आहेत. कुंपणाची किंमतही मोजली जाते : लहान समूहात पिढ्यानपिढ्या सोयरिकी झाल्या की दोन्ही बाजूंनी एकच सदोष अक्षर अपत्याला मिळण्याची शक्यता वाढते आणि काही दुर्मीळ आनुवंशिक रोग अशा समूहांत अधिक दिसतात.

संगणक हे सर्व सांगतो तो केवळ अक्षरे मोजून. माणसाचे मोल किती, हे त्या मोजणीत येत नाही आणि येऊही नये. परंतु जन्माच्या शुद्धतेवर ज्यांनी माणसाचे मोल ठरवले, त्यांच्या दाव्याचा आधार मात्र ही मोजणी काढून घेते. शुद्ध प्रत कोणाच्याच घरी नाही.