व्हिलन कोण होता?

सिनेमातला ‘व्हिलन’ आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. इंग्लंडचा इतिहास वाचताना मला जवळजवळ त्याच उच्चाराचा दुसरा शब्द भेटला : ‘व्हिलेन’. स्पेलिंगमध्ये एकाच अक्षराचा फरक. अर्थ मात्र जमीनदाराशी जखडलेला शेतकरी. दोन्ही शब्द एकाच जुन्या फ्रेंच शब्दातून आले, आणि त्याच्या मुळाशी लॅटिन ‘व्हिला’, म्हणजे शेतीवाडी आहे. शेतीवाडीवर राबणारा माणूस दुष्ट कसा ठरला? याचे उत्तर शब्दकोशापेक्षा समाजव्यवस्थेत शोधावे लागते.

१०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले. जमीन आणि सत्ता फ्रेंच बोलणाऱ्या सरदारांच्या हाती गेली. १०८६ च्या ‘डूम्सडे बुक’ या पाहणीत सर्वांत मोठा वर्ग या व्हिलेनांचाच होता. पुढे कायद्याने त्यांना अधिकच जखडले. मालकाच्या शेतावर वेठ, मुलीच्या लग्नासाठी मालकाला पैसे, कर्ता मेला की गोठ्यातले उत्तम जनावर मालकाचे. जमिनीबाबत मालकाविरुद्ध राजाच्या न्यायालयात दाद नाही.

फ्रेंचमधूनच ‘जंटल’ हा शब्द आला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ एका कुळाचा, फ्रेंचमध्ये कुलीन, आणि पुढे इंग्रजीत सौम्य, दयाळू. म्हणजे ज्याने वेठ घेतली त्याचे कूळ सद्गुण झाले आणि ज्याने वेठ केली त्याचे श्रम दुर्गुण झाले. शब्दांना अर्थ देण्याचा अधिकार कोणाकडे होता, हे यावरून उघड होते. शेक्सपिअरच्या ‘अ‍ॅज यू लाइक इट’मध्ये थोरला भाऊ धाकट्याला व्हिलन म्हणतो, तेव्हा धाकटा उत्तरादाखल बापाचे नाव सांगतो. शिवी स्वभावाला आहे की जन्माला, हा गोंधळ तोवर मिटला नव्हता.

१३८१ साली शेतकऱ्यांनी बंड केले. दास्य नष्ट करा ही त्यांची मागणी होती. अनेक ठिकाणी त्यांनी जमीनदारांची दप्तरे जाळली. आपली गुलामी कोणत्या कागदात आहे हे त्यांना नेमके ठाऊक होते. राजाने मुक्तीच्या सनदा दिल्या आणि बंड मोडताच त्या रद्द केल्या. तरी सोळाव्या शतकाअखेर ही प्रथा जवळजवळ संपली. शेतकरी सुटला, शिवी मात्र राहिली.

आपल्याकडे संस्कृत काव्यशास्त्राने ‘ग्राम्यता’ हा काव्यदोष ठरवला. गावात राबणाऱ्याची बोली म्हणजे दोष! दलित कवितेच्या भाषेवर असभ्यतेचा आरोप झाला, त्याची मुळे इतकी जुनी आहेत. परंतु साम्य येथेच संपते. सनद असलेल्या इंग्रजी शहरात वर्षभर आणि वर एक दिवस राहिलेला व्हिलेन मुक्त मानला जाई. आपला माणूस शहरात आला, पिढ्यान्‌पिढ्या राहिला, तरी जात त्याच्यामागून चालत आली. जातीची नावे शिवी म्हणून वापरणारी तोंडे अजून बंद झालेली नाहीत.

म्हणून मला वाटते, ‘सभ्य’ भाषेत लिहा असा उपदेश कोणी केला तर लेखकाने आधी एवढेच विचारावे : हा सभ्यपणा कोणाच्या दप्तरात लिहिला गेला?