न शिवतां चालणारी कळ

विजेचा दिवा लावावयाचा तर भिंतीवरील खटका दाबावा, घंटा वाजवावयाची तर दारावरील कळ दाबावी, हा शहरांतील घरांचा नित्याचा परिपाठ. ही कृति इतकी अंगवळणी पडली आहे कीं, तिच्यामागें कांहीं इतिहास असेल अशी शंकाहि कोणास येत नाहीं. वस्तुतः कळ ही फार जुनी वस्तु नव्हे; आणि ती घरोघर रूढ होत होती, जवळजवळ त्याच सुमारास तिला अजिबात वगळण्याचीं साधनें शास्त्रज्ञांच्या हातीं येऊं लागलीं होतीं. आज नळाखालीं हात धरतांच पाणी येतें, दुकानापुढें उभें राहतांच दार सरकतें, जिन्यावर पाऊल टाकतांच दिवा उजळतो. यांपैकीं एकाहि कामासाठीं कशाला शिवावें लागत नाहीं. हा बदल कसा घडला, त्यांत मनुष्याला काय मिळालें आणि त्याच्या हातचें काय गेलें, हें पाहणें उद्बोधक आहे.

कळीच्या आधीं यंत्राकडून काम घ्यावयाचें म्हणजे अंगचें बळ खर्चावें लागे. नोकराला बोलवावयाचें तर दोरी ओढून दूरची घंटा हलवावी, पाणी काढावयाचें तर रहाट फिरवावा, असा तो काळ. जितका जोर तितकें कार्य, हा हिशेब सरळ होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोप-अमेरिकेंतील घरांत विजेच्या घंटा आल्या आणि हा हिशेब मोडला. कळीच्या पोटांत धातूच्या दोन पट्ट्या असतात. बोटानें त्या एकमेकींस टेकविल्या कीं विजेचा मार्ग पुरा होतो. काम करते ती वीज. बोट देतें तो केवळ हुकूम. १८८८ सालीं अमेरिकेंत जॉर्ज ईस्टमन यानें कोडॅक नांवाचा कॅमेरा विकावयास काढला, तेव्हां त्याच्या जाहिरातीचा सारा भर याच गोष्टीवर होता कीं, गिऱ्हाइकानें कळ तेवढी दाबावी, बाकीचें सर्व कंपनी पाहील.

या क्षुद्र दिसणाऱ्या कळीचे तीन गुण ध्यानांत ठेवण्याजोगे आहेत. कारण पुढील सर्व इतिहास त्यांच्याशीं निगडित आहे. पहिला गुण असा कीं, दाबल्यावांचून ती चालत नाहीं. म्हणजे मनुष्याची तशी इच्छा आहे, याची ती खूण असते. दुसरा, ती दबली कीं नाहीं हें बोटाला तत्काळ कळतें. अंधार असला, डोळे मिटलेले असले, तरीहि कळतें. तिसरा, बोट कोणाचें आहे याची ती चौकशी करीत नाहीं. राजा असो वा रंक, गोरा असो वा काळा, दाबणाराचें काम व्हावयाचेंच.

कळीला वगळावयाचें तर यंत्राला आधीं इंद्रियें हवीं होतीं. त्यांपैकीं दृष्टि प्रथम लाभली आणि तीहि अकल्पितपणें. विलोबी स्मिथ हा इंग्रज अभियंता समुद्राच्या तळावरून जाणाऱ्या तारायंत्राच्या दोरांची परीक्षा करीत असे. त्या कामीं तो सेलेनियम नामक पदार्थाच्या कांड्या वापरी. परंतु त्या विजेला कधीं अधिक अडवीत, कधीं कमी. १८७३ सालीं त्यानें या लहरीपणाचें कारण प्रसिद्ध केलें. कांडीवर उजेड पडला म्हणजे तिच्यांतून वीज अधिक सुलभतेनें वाहते, असें तें कारण होतें. उजेड आणि अंधार यांतील फरक निर्जीव पदार्थाला कळूं शकतो, हें यावरून सिद्ध झालें. पुढें १८९५ सालीं कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्यें जगदीशचंद्र बोस यांनीं भिंतींतून आरपार जाणाऱ्या विद्युत्-चुंबकीय लहरी सोडून दूरची घंटा वाजविली व बंदुकीची दारू पेटविली. हुकूम तारेवांचून पोंचूं शकतो, हें तेथें जमलेल्या लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें. मात्र तो हुकूम सोडणाऱ्या यंत्राला हात लावणें अद्यापि चुकलें नव्हतें.

तें चुकविलें रशियांतील एका तरुणानें. ल्येव तेर्मेन याचा जन्म १८९६ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें झाला. राज्यक्रांतीनंतर त्याच नगरांतील, म्हणजे तेव्हांच्या पेट्रोग्राडमधील, एका संशोधनसंस्थेंत तो आब्राम योफे या विख्यात पदार्थविज्ञानवेत्त्याच्या हाताखालीं काम करूं लागला. १९२० च्या सुमारास तो वायूंचे विद्युत्-गुणधर्म मोजण्याचें यंत्र बनवीत होता. यंत्राच्या मंडलांतील फरक ऐकूं यावा म्हणून त्यानें त्याला ध्वनीची जोड दिली होती. आपला हात यंत्राजवळ गेला कीं स्वर बदलतो, असें त्याच्या ध्यानांत आलें. दुसरा कोणी असता तर हा यंत्राचा दोष मानून त्यानें तो दूर केला असता. तेर्मेन हा लहानपणापासून संगीताचा अभ्यासी असल्यामुळें त्यानें त्या दोषाचेंच वाद्य केलें.

या वाद्याची रचना समजण्यास अवघड नाहीं. पेटींत रेडिओच्या लहरींइतक्या जलद कंप पावणारीं दोन विद्युत्-मंडलें असतात. तीं कंपनें कानाला ऐकूं येत नाहींत; परंतु दोहोंच्या कंपसंख्येंतील फरक मात्र स्वररूपानें ऐकूं येतो. त्यांपैकीं एका मंडलाला एक उभी दांडी जोडलेली असते. मनुष्याचें शरीर विजेचें वाहक असल्यानें दांडी आणि हात मिळून विद्युत् सांठविणारें एक धारित्र तयार होतें. हात जवळ आला कीं सांठवण वाढते, त्या मंडलाचें कंपन मंदावतें, फरक वाढतो आणि स्वर चढतो. डावा हात दुसऱ्या एका आडव्या कडीजवळ नेला कीं आवाज लहान होतो. अशा रीतीनें कोठेंहि न शिवतां, केवळ हवेंत हात हलवून गाणें वाजूं लागलें. १९२२ सालीं तेर्मेननें तें लेनिनला वाजवून दाखविलें आणि त्यासोबत त्याच तत्त्वावरचें एक पहारेकरी यंत्रहि दाखविलें. कोणी जवळ आला कीं हें यंत्र धोक्याची सूचना देई. न शिवतां चालणाऱ्या कळीचीं दोन्हीं रूपें, बोलावलेल्या हातासाठीं एक आणि न बोलावलेल्या पावलासाठीं दुसरें, अशीं एकाच वेळीं जन्मास आलीं.

१९२७ सालीं तेर्मेन युरोपांत व नंतर अमेरिकेंत गेला. १९२८ सालीं त्याला अमेरिकेचें पेटंट मिळालें आणि पुढच्याच वर्षीं तेथील आर. सी. ए. या मोठ्या कंपनीनें त्याचें वाद्य बाजारांत आणलें. ज्याला गुणगुणतां येतें त्याला हें वाजवितां येईल, असें लोकांस सांगण्यांत आलें. प्रत्यक्षांत जेमतेम पांचशें वाद्यें बनलीं. मंदीची लाट हें एक कारण खरेंच. परंतु दुसरें कारण अधिक विचारणीय आहे. पेटीवर बसणाराच्या बोटाखालीं पट्टी असते. सतारियाला पडदे असतात. सारंगीला पडदे नसले तरी तार असते. येथें बोटाला टेकावयास कांहींच नाहीं. स्वर चुकला हें कानाला कळतें, पण तोंवर तो चुकून गेलेला असतो. क्लारा रॉकमोर हिच्यासारखी जन्मजात स्वरज्ञान असलेली व व्हायोलिनवर तयार झालेली कलावतीच त्यावर प्रभुत्व मिळवूं शकली. कळीचा जो दुसरा गुण, म्हणजे बोटाला मिळणारें उत्तर, तो गेला कीं काय होतें, याचा पहिला धडा जगाला असा एका वाद्यानें दिला.

याच सुमारास सेलेनियमचा डोळाहि सुधारत गेला होता. १९३१ सालीं अमेरिकेच्या कनेटिकट संस्थानांत वेस्ट हेवन येथील एका उपाहारगृहांत, स्टॅन्ले कंपनीच्या होरेस रेमंड व शेल्डन रोबी यांनीं रचलेलें स्वयंचलित दार बसविण्यांत आलें. दोन्हीं हातांत भरलेलीं तबकें घेऊन जाणाऱ्या परिचारिकांना दार ढकलावें लागूं नये, हा हेतु. दारापुढें प्रकाशाचा एक झोत सोडलेला असे; चालणाऱ्याच्या शरीरानें तो अडला कीं पलीकडील प्रकाशविद्युत्-घट तें ओळखी व दार उघडे. ज्याचे हात गुंतलेले आहेत, त्याला ही कळ खरोखरीचें वरदान होय. परंतु झोत कोणी अडविला, आंत जावयाचें म्हणून कीं नुसतें जातां जातां, हें त्या डोळ्याला कळण्याचा मार्ग नव्हता. कळीचा पहिला गुण येथें गळाला.

दूरचित्रवाणीच्या इतिहासांत हीच अडचण पुन्हा उभी राहिली. १९५५ सालीं अमेरिकेंतील झेनिथ कंपनीच्या युजीन पॉली यानें खुर्चीवर बसल्याबसल्या प्रकाशाचा झोत टाकून संच चालविण्याची युक्ति काढली. पडद्याच्या चारी कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे घट होते. दुर्दैवानें खिडकींतून आलेलें ऊनहि त्यांना हुकूमच वाटे. म्हणून १९५६ सालीं त्याच कंपनीच्या रॉबर्ट ॲड्लर यानें प्रकाश सोडून कानाला न ऐकूं येणारा ध्वनि योजिला. मग किल्ल्यांच्या जुडग्याच्या खणखणाटानेंहि संच कधींकधीं आज्ञा पाळूं लागला. यंत्राला इंद्रियें मिळालीं होतीं; विवेक मिळाला नव्हता.

आजच्या बहुतेक संवेदकांचा आधार अवरक्त किरण हा आहे. १८०० सालीं विल्यम हर्शेल या ज्योतिषानें सूर्यप्रकाशाचे लोलकानें रंग पाडले आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्याला कांहींच दिसत नाहीं, तेथें तापमापक ठेवला; तेथें पारा अधिकच चढला. हेच ते अदृश्य किरण. १९६० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेंतील बिआर्ड व पिटमन या संशोधकांनीं हे किरण टाकणारा चिमुकला अर्धवाहक दिवा सिद्ध केला आणि पुढें तो अत्यंत स्वस्त झाला. नळाच्या तोटींत असाच एक दिवा व त्याशेजारीं एक घट असतो. हातावर आपटून परतलेले किरण घटावर पडले कीं पाणी सुटतें. जिन्यावरील दिव्याचा संवेदक मात्र स्वतः कांहीं टाकीत नाहीं. मनुष्याच्या अंगच्या उष्णतेनें निघणारे, सुमारें एक शतांश मिलिमीटर लांबीच्या लहरींचे किरण तो टिपतो आणि त्यांतील बदल ओळखतो. बदल थांबला कीं त्याच्या लेखीं मनुष्यहि नाहींसा होतो. म्हणून स्तब्ध बसून वाचणाराच्या डोक्यावरचा दिवा अवचित मालवतो.

या साधनांना खरी निकड आणून दिली ती रोगभयानें. १८४७ सालीं व्हिएन्ना येथें इग्नाझ सेमेलवाइस यानें डॉक्टरांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुवावयास लावून बाळंतिणींचे मृत्यु एकदम घटविले, तेव्हांपासून हात हा रोगाचा वाहक आहे ही जाणीव वाढत गेली. धुतलेल्या हातानें तोटी फिरवावयाची म्हणजे धुण्याचा अर्थच गेला. यासाठीं शस्त्रक्रियागृहांत कोपरानें वा गुडघ्यानें चालणारे नळ आले व त्यांच्या मागून संवेदकाचे. २०२० सालीं कोविडची सांथ आली आणि हें भय घरोघर शिरलें. बँकॉकच्या एका मोठ्या व्यापारसंकुलांत लिफ्टच्या कळी काढून पायानें दाबावयाच्या पट्ट्या बसविल्या गेल्या. आपल्याकडील शहरांतहि कोणी लिफ्टची कळ दातकोरणीनें दाबी, कोणी किल्लीच्या टोकानें. हात समोर धरतांच मजला ओळखणाऱ्या कळींना मागणी आली. पुढें एप्रिल २०२१ मध्यें अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानें सांगितलें कीं, दूषित पृष्ठभागाला एकदां शिवल्यानें हा रोग जडण्याचा संभव सामान्यतः दहा हजारांत एकाहूनहि कमी आहे. मुख्य भय हवेचें होतें. तथापि अतिसारासारखे हातांवाटे पसरणारे दुसरे रोग आहेतच. त्यामुळें रुग्णालयांत व सार्वजनिक शौचालयांत या साधनाची योग्यता कमी होत नाहीं.

राहिला कळीचा तिसरा गुण. २०१७ सालीं एका चलच्चित्रानें जगाचें लक्ष वेधून घेतलें. साबण देणाऱ्या स्वयंचलित यंत्राखालीं गोऱ्या मनुष्यानें हात धरला, साबण आला. काळ्या मनुष्यानें धरला, आला नाहीं. त्यानेंच हातावर पांढरा कागद घेतला, लगेच आला. यंत्राच्या मनांत द्वेष नव्हता. काळ्या त्वचेवरून किरण कमी परततात आणि किती किरण परतले म्हणजे हात मानावयाचा, ती मर्यादा ठरविणारांनीं असा हात पुरेसा पारखला नव्हता, इतकेंच. परंतु ज्याचा हात नाकारला गेला, त्याला या खुलाशानें काय समाधान? जी कळ दाबतां येते, तिला हा पक्षपात करतां येत नाहीं. हीच गोष्ट अंधांची. लिफ्टच्या कळीवरील ब्रेलचीं टिंबें बोटांनीं वाचतां येतात. हवेंतल्या कळीवर काय वाचावें? आणि ती कोठें आहे हें चांचपून शोधूं गेल्यास, न मागितलेला मजलाच पदरीं पडावयाचा. उलट, ज्याचीं बोटें संधिवातानें आखडलीं आहेत अथवा ज्याला हातच नाहींत, त्याला संवेदकाचें दार स्वावलंबन देतें. तेव्हां एकाची सोय ती दुसऱ्याची अडचण होऊं नये, यासाठीं दोन्हीं साधनें शेजारीं ठेवणें व यंत्रानें उच्चारून उत्तर देणें, हाच न्याय्य मार्ग होय.

कारखान्यांनीं तर हा विवेक कधींच केला आहे. तेथें यंत्रापुढें प्रकाशाचा पडदा सोडलेला असतो आणि कामगाराचा हात चुकून आंत गेला तर तो पडदाच यंत्र थांबवितो. कारण तेथें मनुष्य इच्छा प्रकट करण्याच्या स्थितींत नसतो. परंतु त्याच यंत्रावर पिवळ्या पार्श्वभूमीवर एक ठसठशीत तांबडी कळहि असते. ती दाबली कीं दबलेलीच राहते आणि मुद्दाम सोडविल्यावांचून यंत्र पुन्हा सुरू होऊं शकत नाहीं. संकटांत धांवलेल्या हाताला कांहींतरी घट्ट लागावें आणि आपलें म्हणणें पोंचलें अशी त्याची खात्री पटावी, हें तिचें प्रयोजन. जेथें चूक झाली तर ओंजळभर पाणी वा घटकाभर उजेड वायां जावयाचा, तेथें न शिवतां चालणारी कळ खुशाल असावी. जेथें चुकीची किंमत कोणाच्या प्राणानें किंवा मानानें द्यावी लागेल, तेथें बोटाला टेकावयास जागा ठेवणेंच शहाणपणाचें आहे.