पालकांची सही

परवा नातीच्या वहीत शेरा होता, 'पालकांनी लक्ष द्यावे.' वाचलं आणि मन थेट पुसेगावला जाऊन पोचलं.

आमचा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. कचेरीचा कारभार उर्दूत, हायस्कूलही उर्दूतच. माझ्या आईच्या वाट्याला तर कुठलीच शाळा आली नाही. मी तिसरीत असताना पाढ्यांच्या वहीवर पालकांची सही हवी होती. वडील गावाला गेलेले. आईनं तव्याच्या काजळीनं अंगठा उठवून दिला. वर्गात पोरं हसली, मीही मान खाली घातली. पण अभ्यास तिनं घेतला होता! जात्यावर दळता दळता ऐकायची. पाढा तिला येत नव्हता, पण मी अडखळलो की लगेच कळायचं. "थांबलास बघ, पुन्हा म्हण."

१९९३ साली यशपाल समितीनं सांगितलं, प्राथमिक वर्गांना असला गृहपाठ नको. २०२० च्या केंद्राच्या दप्तर धोरणातही दुसरीपर्यंत गृहपाठ नाही. तिसरी ते पाचवी आठवड्याला फार तर दोन तास. नात दुसरीत आहे, आणि रोज दोन पानं असतात!

तिचे आईबाप शिकलेले, निभावतील. पण मराठवाड्यातली कित्येक कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मूल आजीजवळ राहतं. तिथं 'लक्ष द्यावे' हा शेरा वाचणार कोण?

असो. नातीला म्हटलं, वही ठेव, पाढा म्हणून दाखव. सातच्या पाढ्याला अडखळली. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "थांबलीस बघ, पुन्हा म्हण."