आगबोटीवरील पंगत

आगबोटींचा इतिहास बहुधा लोखंड, कोळसा आणि वेग यांच्या अंगाने लिहिला जातो. अमुक साली अमुक टनांची बोट निघाली, तिने इतके दिवस वाचवले, असा त्याचा साचा असतो. प्रवाशांच्या आठवणी मात्र निराळ्याच गोष्टींभोवती घुटमळतात. जेवण कसे होते, नोकर तत्पर होते की आळशी, तांबड्या समुद्रात झोप लागली की नाही, या प्रश्नांची उत्तरे ते पन्नास वर्षांनीही देतात. हा विषय क्षुल्लक आहे असे आम्हांस वाटत नाही. कारण कोणी कोणाच्या पंगतीस बसावे आणि कोणी वाढावे, यावरच आपल्याकडे शतकानुशतके माणसाचे स्थान ठरत आले. समुद्रावर हीच पंगत नव्या रूपाने मांडली गेली. तिच्यात पाने कोणाची होती आणि वाढपी कोण होते, हे पाहणे म्हणूनच बोधप्रद आहे.

मुंबईहून सुवेझकडे पहिली आगबोट निघाली ती १८३० च्या मार्च महिन्यात. मुंबईतच बांधलेल्या या 'ह्यू लिंडसे' नावाच्या बोटीस सुवेझ गाठण्यास ३३ दिवस लागले. कोळसा ठेवण्याची तिची मूळ जागा इतकी अपुरी होती की, प्रवाशांच्या वावराच्या खोल्यांतूनही कोळसा भरावा लागला. सुखसोयींची गोष्ट काढण्याची सोयच नव्हती. पुढे १८४० मध्ये पेनिन्शुलर अँड ओरिएंटल, म्हणजे पी. अँड ओ. कंपनीस राजसनद मिळाली आणि १८५० च्या दशकात मुंबईची टपालवाहतूकही तिच्याकडे आली. त्या काळी बोटीवर बर्फघर नव्हते. त्यामुळे मेंढ्या, डुकरे, कोंबड्या आणि दुधासाठी गाय अशी सारी खिल्लारे डेकवर बाळगावी लागत. पहाटे झोपमोड होई ती कोंबड्यांच्या आरवण्याने. भाडे जबर असे, पण त्यात मद्याचाही समावेश असे. पुढे १८६९ च्या १७ नोव्हेंबरला सुवेझचा कालवा खुला झाला, स्पर्धा वाढली आणि हे औदार्य आटोपले. भोजनगृहात मेजांवर लांबलचक पंखे टांगलेले असत. ते दोरीने ओढणारा माणूस बाहेर उभा असे. जेवणाऱ्यास वारा लागे, ओढणाऱ्यास घाम येई.

प्रवाशांचे अभिप्राय वाचताना लेखकाने भाडे भरले होते काय, हे आधी विचारावे. इंग्रज कादंबरीकार थॅकरे १८४४ साली याच कंपनीच्या बोटींतून भूमध्यसमुद्रात हिंडला, तो कंपनीचा पाहुणा म्हणून. त्यावरचे पुस्तक १८४६ मध्ये निघाले, ते त्याने बोटीच्या एका कप्तानालाच अर्पण केले. अशा ग्रंथात स्वयंपाकाची निंदा शोधणे व्यर्थ होय. याउलट अमेरिकन विनोदकार मार्क ट्वेन १८९५-९६ च्या हिवाळ्यात ऑस्ट्रेलियाकडून सिलोनमार्गे मुंबईस आला तेव्हा त्याने मोकळेपणाने लिहिले. 'ओशियाना' ही बोट त्यास ऐसपैस व आरामशीर वाटली. तेथे जेवणाची वर्दी घंटेच्या कर्कश ठणठणाटाऐवजी बिगुलाने देतात, याचेही त्याने कौतुक केले. परंतु सिलोनहून मुंबईस आणणारी 'रोझेटा' जुनाट होती. अशा कळकट बोटीवरही सारे उतारू रात्रीच्या जेवणास दरबारी पोशाख चढवून येतात, हे पाहून त्याची करमणूक झाली. चहात लिंबाची फोड हवी असेल तर त्यासाठी चिठ्ठीवर सही करावी लागे, ही कंपनीची चिक्कू व्यवस्थाही त्याने नोंदून ठेवली. दोन्ही बोटी एकाच कंपनीच्या. यावरून एका प्रवाशाच्या स्तुतीवरून वा निंदेवरून साऱ्या कंपनीचे मोजमाप करू नये, हे उघड होते.

उकाडा हा या प्रवासाचा खरा शत्रू. हिंदुस्थानाकडे येताना डाव्या अंगाच्या आणि परतताना उजव्या अंगाच्या खोल्या उत्तरेकडे येत, म्हणून त्यांना मागणी असे. या चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून 'पॉश' हा शब्द निघाला, अशी एक चटकदार व्युत्पत्ती सर्वत्र सांगतात. परंतु त्या अक्षरांचा शिक्का असलेले एकही तिकीट आजवर पुढे आलेले नाही आणि कोशकार ही कथा मानीत नाहीत. उकाड्यावर खरा उतारा हळूहळू सापडला. आधी विजेचे दिवे आले, मग विजेचे पंखे आणि शीतगृहे आली. १९२९ साली निघालेल्या 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीवर तर छताखाली पोहण्याचा तलावही होता.

आता आपल्या माणसांकडे वळू. इंग्रज उतारू मेजावर काय आले ते पाही; आपल्या माणसाला ते कोणी शिजवले हा प्रश्न आधी पडे. सिंधुबंदीचा वाद वरवर समुद्राचा असला तरी त्याचे मर्म अन्नोदकात होते. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या एका चहाच्या पेल्यावरून रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्य ओढवले. जमिनीवर ही स्थिती, तर महिनाभर परक्याच्या स्वयंपाकघरावर विसंबणाऱ्याची गत काय सांगावी? १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून अमेरिकेस निघालेल्या आनंदीबाई जोशी यांनी निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या सभेत, आपण हिंदू म्हणूनच जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असे सांगितले होते. अठरा वर्षांच्या त्या मुलीस ही ग्वाही द्यावी लागली, यातच लोकांची शंका कोठे होती ते दिसते.

पाच वर्षांनी, १८८८ च्या ४ सप्टेंबरला, मोहनदास गांधी नावाचा अठरा वर्षांचा तरुण मुंबईहून 'क्लाइड' बोटीने निघाला. मांस न खाण्याची प्रतिज्ञा त्याने आईपाशी केली होती. काटे-चमचे कसे धरावे हे त्यास ठाऊक नव्हते आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याचे धैर्य नव्हते. वाढणाऱ्या नोकराशी बोलण्याचाही त्यास संकोच वाटे. म्हणून तो जेवणाच्या मेजाकडे फिरकलाच नाही. आपल्या खोलीत बसून घरून आणलेल्या मिठाईवर आणि फळांवर राहिला. एका इंग्रज उतारूने त्यास ममतेने बजावले की, येथवर ठीक आहे, पण बिस्केच्या उपसागरात हा निश्चय टिकणार नाही. निश्चय टिकला. आपण मांस खाल्ले नाही अशी प्रशस्तिपत्रेही त्याने गोळा केली. पुढे आत्मचरित्रात ही सारी हकीकत त्याने स्वतःच नमूद केली. भूक आणि संकोच यांचे असे प्रामाणिक चित्र प्रवासवाङ्मयात विरळ आहे.

याच्या अगदी उलट टोक म्हणजे जयपूरचे महाराज माधोसिंह. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी निघताना त्यांनी 'ऑलिंपिया' ही कोरी बोटच भाड्याने घेतली. अट ही की, तिच्यावर पूर्वी गोमांस शिजलेले नसावे. बोटीवर देवघर होते, स्वतंत्र स्वयंपाकघर होते आणि चांदीच्या प्रचंड घागरींत गंगाजल भरून घेतले होते. त्या घागरी आजही जयपूरच्या राजवाड्यात पाहावयास मिळतात. नियम दोघांनीही पाळला. एकाने त्यासाठी बोट भाड्याने घेतली, दुसऱ्याने उपास काढले. समुद्रावर धर्म राखण्याची किंमत प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे मोजली, एवढेच म्हणता येईल.

तथापि या दोन्ही कथांत एक माणूस आमच्या नजरेसमोरून हलत नाही. गांधींना ज्याच्याशी बोलण्याचा संकोच वाटला, तो वाढपी कोण होता? त्याचे नाव कोठे लिहिलेले नाही. परंतु पी. अँड ओ. च्या बोटींवर भोजनगृहातील नोकर प्रायः गोव्याचे असत, तेव्हा तोही बहुधा गोमंतकीयच असावा. गोमंतकीय ख्रिस्ती माणसास गोमांस, डुकराचे मांस किंवा मद्य हाताळण्यास अडचण नव्हती, म्हणून कंपनीने त्यास मेजापाशी उभे केले. डेकवर कोकण व गुजरातच्या किनाऱ्यावरील खलाशी, त्यांच्यावर तांडेल आणि सर्वांवर सारंग, अशी उतरंड असे. रत्नागिरीकडील कित्येक मुसलमान घराण्यांत हा पेशा पिढ्यान्‌पिढ्या चालला. खाली भट्टीपाशी पंजाबकडील आगवाले कोळसा ओढीत. त्यांचा भातडाळीचा स्वयंपाक भंडारी निराळा करी. अशा रीतीने एकाच बोटीवर तीन-चार पंगती उठत. वरच्या पंगतीत दुपारच्या जेवणास 'करी' हटकून असे. ती चवीने खाणारा साहेब ती कोणत्या गावच्या हाताची आहे हे क्वचितच विचारी.

या माणसांच्या सुखसोयींचा हिशेब कायद्यात सापडतो. १८६७ च्या इंग्रजी कायद्याने गोऱ्या खलाशास राहण्यासाठी निदान ७२ घनफूट जागा द्यावी असे ठरवले. हिंदी खलाशास हिंदुस्थानच्या कायद्याने ३६ घनफूट पुरेशी मानली गेली. पगारही गोऱ्या खलाशाच्या तुलनेत फारच थोडा. सफर संपली की गोमंतकीय नोकर मुंबईत धोबीतलावाकडील आपल्या गावच्या 'कुडी'त येऊन राही. तेथे त्याची ट्रंक ठेवलेली असे, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होई आणि पुढच्या बोटीची वाट पाहिली जाई. गोव्यातील कित्येक घरे, शाळेची शुल्के आणि गावच्या देवळांचे उत्सव या पगारावर चालले.

मार्क ट्वेनने 'ओशियाना'वरील या खलाशांचेही वर्णन केले आहे. मुंबई व तिच्या आसपासच्या किनाऱ्यावरील ही माणसे त्यास सौम्य चेहऱ्याची, आज्ञाधारक आणि कामात हुशार दिसली. पण संकटसमयी ही माणसे भेदरून जातात असे म्हणतात, ही ऐकीव पुस्तीही त्याने जोडली. 'असे म्हणतात' या दोन शब्दांचे ओझे केवढे होते ते १९२२ साली कळले. त्या वर्षी २० मे रोजी लंडनहून मुंबईस निघालेली 'ईजिप्त' ही बोट फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात एका फ्रेंच बोटीशी टक्कर होऊन सुमारे २० मिनिटांत बुडाली. दोष तत्काळ हिंदी खलाशांवर आला. ते घाबरले, त्यांनी होड्या बळकावल्या, असा वृत्तपत्रांतून गवगवा झाला. चौकशीत मात्र असे दिसून आले की, संकटकाळी काय करावे याची कवाईत त्यांच्याकडून नीट करवून घेतलेली नव्हती आणि ती जबाबदारी कप्तानाची होती. मृतांत उतारूंपेक्षा नोकर-खलाशांची संख्या कितीतरी अधिक होती. ज्यांना मेजावर काटा कोणत्या हातास ठेवावा हे काटेकोरपणे शिकवले, त्यांना होडी कशी सोडावी हे शिकवण्याची निकड कोणास वाटली नाही. बोटीवरील उत्तम सेवेची स्तुती वाचताना हे वाक्य शेजारी ठेवावे असे आम्हांस वाटते.

दरम्यान बोटींची मालकीही बदलू लागली होती. १९१९ च्या ५ एप्रिलला सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. सोलापूरचे वालचंद हिराचंद स्वतः तिच्यावर होते. तो दिवस आपण आता राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. १९३१ साली गांधी पुन्हा विलायतेस निघाले ते 'राजपुताना' बोटीच्या दुसऱ्या वर्गातून. या वेळी अडचण अन्नाची नव्हती, बरोबरच्या मंडळींनी घेतलेल्या अवजड सामानाची होती. त्यातील बरेचसे त्यांनी एडनहून परत पाठवले. ४३ वर्षांपूर्वी खोलीत लपून मिठाई खाणाऱ्या त्या मुलाभोवती आता सारी बोट गोळा होत होती.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षे मुंबईच्या बंदरातून अँकर लाइनच्या 'सर्कॅशिया', 'सिलिशिया', 'कॅलिडोनिया' आणि इटालियन कंपनीच्या 'एशिया' व 'व्हिक्टोरिया' या बोटींनी आपले विद्यार्थी आणि सरकारी अधिकारी विलायतेस नेले. परंतु १९४८ च्या ८ जूनला एअर इंडियाचे विमान मुंबईहून लंडनला उडाले होते, आणि त्याच दिवशी या भोजनगृहांचे भवितव्य ठरले. १९६६ मध्ये अँकर लाइनने मुंबईची उतारूवाहतूक बंद केली. १९६७ मध्ये सुवेझचा कालवाच मिटला, तो १९७५ पर्यंत उघडला नाही. आज समुद्रावर चैनीच्या बोटी हिंडतात, आणि त्यांच्या स्वयंपाकघरांत व भोजनगृहांत गोव्याची माणसे अजूनही आढळतात.

आमचे वाचक बहुतांशी घरापासून दूर नोकरी करणारे. सरकारी विश्रामगृहातील खानसामा, दौऱ्यावरील शिपाई, परप्रांतातील खाणावळीचा मालक यांच्या हातचे अन्न त्यांनी वर्षानुवर्षे खाल्लेले असते. बदलीनंतर मित्रांस लिहिताना त्या गावच्या माशाची, आमटीची, थंडीची वर्णने ते हौसेने करतात. आगबोटींच्या प्रवासवर्णनांनी आपल्याला पदार्थ ठेवले, तक्रारी ठेवल्या, लिंबाच्या फोडीची चिठ्ठीदेखील ठेवली; फक्त वाढणाऱ्यांची नावे ठेवली नाहीत. ती उणीव आता भरून निघणार नाही. निदान आपल्या पत्रांत आणि आठवणींत तरी पदार्थाशेजारी तो करणाऱ्याचे नाव असावे. पुढे इतिहास लिहिणाऱ्यास त्याचा फार उपयोग होईल.