साडीनं मोजलेलं घर

आमच्या गटातल्या एका ताईंनी खोली वाढवायला कर्ज मागितलं. किती लागतील विचारलं, तर म्हणाल्या, "गवंडी सांगेल तेवढे." तेव्हा मला भायखळ्याच्या बायका आठवल्या. त्यांचीच गोष्ट आज सांगते.

मुंबईत जागा महाग, म्हणून हजारो कुटुंबं फुटपाथवर राहायची. जुलै १९८५ मध्ये ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल लागला. जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्कही येतो, असं सर्वोच्च न्यायालयानं मानलं. पण फुटपाथवरची झोपडी हटवायची मुभा पालिकेला राहिली. म्हणजे टांगती तलवार होतीच. मग 'स्पार्क' संस्थेच्या साथीनं बायका स्वतःच घराचा हिशेब मांडायला बसल्या. १९८६ मध्ये त्यांची 'महिला मिलन' संघटना उभी राहिली.

पुष्कळजणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. फुटाचं माप डोळ्यांसमोर येईना. साडी मात्र रोजच्या हातातली! खोली किती लांब, भिंत किती उंच, हे साडी धरून ठरलं. (आपण पाचवारी म्हणतो, पण ती असते साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फूट.) पुढे खऱ्या मापाची नमुना घरं उभारून लोकांना दाखवली.

मला त्यांचा उंचीचा निर्णय फार आवडतो. जमीन महाग, भिंत त्यामानानं स्वस्त. म्हणून खोली १४ फूट उंच धरली आणि आत पोटमाळा काढला. पाया तेवढाच, छप्पर तेवढंच, निजायला जागा मात्र वाढली. संडासही घरोघरी न धरता सामाईक ठेवले.

तर आम्हीही त्या ताईंच्या अंगणात टेप घेऊन बसलो. खोली दहा बाय बारा. आधी ब्रासचा घोळ सोडवला: वाळूचा ब्रास १०० घनफूट, गिलाव्याचा १०० चौरस फूट. गवंड्यानं चारही भिंतींची वीट धरली होती. ताई एकदम म्हणाल्या, "अगं, चौथी भिंत तर माझ्या जुन्या घराचीच आहे की!"

बारा फुटांची भिंत हिशेबातून गेली. कर्जाचा अर्ज आम्ही नव्यानं लिहिला.