गोगलगायीची नोकरी माशाकडे कशी आली?

फिशटँकच्या दुकानात हमखास ऐकू येणारं एक वाक्य आहे: "खाली फिरणारा, साफसफाई करणारा एखादा मासा द्या." वर गप्पी, मधे टेट्रा आणि तळाला सफाईवाला. बाकीचे मासे आपण आवडीने निवडतो, तळाचा मात्र कामाला ठेवतो. एकोणिसाव्या शतकातली घरगुती मत्स्यालयं हा माझ्या पीएचडीचा विषय, त्यामुळे हे ऐकलं की मला १८५० चं लंडन आठवतं.

रॉबर्ट वॉरिंग्टन हा तिथल्या अपोथेकरीज हॉलमधला रसायनशास्त्रज्ञ. त्याचा प्रश्न मुळात माशांचा नव्हताच, वायूंचा होता. वनस्पतीने सोडलेला प्राणवायू माशाला आणि माशाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड वनस्पतीला, असा व्यवहार बसला तर पाणी न बदलता दोघं जगतील का? त्याने बारा गॅलनच्या काचपात्रात दोन छोटे गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाचं रोप ठेवलं. सुरुवातीला जमलं. मग जुनी पानं कुजायला लागली, पाणी गढूळ झालं, काचेवर शेवाळी थर चढला. यावर त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं फस्त केली, शिवाय त्यांची अंडी माशांना खाऊ म्हणून मिळाली. हिशेब जुळला!

म्हणजे बघा, तळाची जागा तेव्हापासूनच एक 'पद' आहे. पुढे उष्ण प्रदेशातले मासे पाळायची हौस वाढली आणि त्या पदावर मासे नेमले गेले. त्यातला पहिला लोकप्रिय उमेदवार कोरिडोरस. याच्या एका जातीचे, पॅलिएटसचे, नमुने डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत दक्षिण अमेरिकेत गोळा केले आणि लेनर्ड जेनिन्सने १८४२ मध्ये त्यांचं वर्णन छापलं. हौशी मंडळींनी त्याला सरळ सफाई कामगार ठरवलं. खरं तर तो मिशांनी वाळू चाचपत किडे-अळ्या शोधतो. विष्ठा खात नाही, आणि वरच्यांच्या उरल्यासुरल्यावर त्याचं पोट भरत नाही. त्याला बुडणारं खाद्य, मऊ वाळू आणि पाच-सहा जातभाई लागतात. एकटा ठेवला तर बिचारा कोपऱ्यात बसून राहतो.

दुसरा उमेदवार आपला 'सकर'. याच्या कुळातल्या एका माशाला लिनियसने १७५८ मध्ये चक्क स्टर्जनच्या गटात टाकलं होतं, म्हणजे ओळख चुकायची परंपरा जुनी आहे. दुकानात दोन-तीन इंचांचा मिळणारा हा प्राणी फूट-दीड फूट वाढतो. मोठेपणी काही सकर गोल्डफिशसारख्या संथ माशांच्या अंगाला चिकटून त्यांचा चिकट थर खरवडतात. मग मालक वैतागतो आणि त्याला तळ्यात नाहीतर नदीत सोडून येतो. हा दक्षिण अमेरिकी मासा आज भारतातल्या अनेक नद्या-तलावांत कोळ्यांच्या जाळ्यात येतो. अंगावर हाडांच्या ढालींचं चिलखत, त्यामुळे खायला कुणी घेत नाही, आणि जाळी फाटतात ती वेगळीच.

मला वाटतं, तळाचा मासा निवडताना "हा काय साफ करेल?" हा प्रश्नच वॉरिंग्टनच्या काचपात्रातून उसना आलाय. त्याला तिथे वायूंचं गणित सोडवायचं होतं, म्हणून तिथे तो योग्य होता. आपल्याकडे आज फिल्टर आहे, सायफनची नळी आहे. आपण विचारायला हवं ते वेगळं: पूर्ण वाढ किती, एकटा राहतो की घोळक्यात, पाणी थंड लागतं की कोमट, रात्री खातो की दिवसा. पॅलिएटसला जरा थंड पाणी मानवतं, अठ्ठावीस-तीस अंशांत राहणाऱ्या डिस्कसशी त्याची जोडी लावून दोघांचेही हाल कशाला करायचे?

आता आपल्या घराजवळचा एक. झेब्रा लोच, बोटिया स्ट्रायटा, हा पश्चिम घाटातला मासा. नारायण राव यांनी १९२० मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. जेमतेम तीन इंचांचा, शांत, घोळक्यात रमणारा, त्यामुळे छोट्या माशांच्या टँकला उत्तम. आणि त्याचं आवडतं खाणं कोणतं? गोगलगायी! पण आययूसीएनच्या यादीत तो 'संकटग्रस्त' आहे, आणि शोभेच्या माशांच्या व्यापारासाठी तो नदीतून पकडलाही जातो. म्हणून हा घेताना दुकानदाराला आणखी एक गोष्ट विचारा: पैदास केलेला आहे, की ओढ्यातून आणलेला?