जाहिरात : अस्सल कागद कीं बखर ?
(पिअर्स व सनलाइट या दोन साबणांच्या जाहिरातमालांची तुलना)

जुन्या मासिकांच्या बांधीव प्रती ज्यांनीं हाताळल्या आहेत त्यांच्या लक्षांत आलें असेल कीं, त्यांत लेख सर्व असतात, परंतु मुखपृष्ठें, मलपृष्ठें व जाहिरातींचे कागद बहुधा नसतात. बांधणी करणारा ते काढून टाकी आणि ग्रंथपालाचीहि त्यास संमति असे. कारण जाहिरात म्हणजे अंकाचें टरफल, गर नव्हे, अशी समजूत होती. चार्लस् डिकन्स याची 'ब्लीक हाउस' ही कादंबरी १८५२-५३ सालीं मासिक खंडांनीं प्रसिद्ध झाली, तेव्हां प्रत्येक खंडास 'ब्लीक हाउस अॅडव्हर्टायझर' या नांवाची जाहिरातींची पुरवणी जोडलेली असे. पुढें खंड एकत्र बांधतांना ही पुरवणी फेकली गेली. आणि ज्या थोड्या प्रतींत ती शिल्लक राहिली त्यांसच आतां संग्राहक अधिक मोल देतात.

हल्लीं विद्यापीठांतून विद्यार्थ्यांस एकाच जातीच्या दोन मालांच्या, नियतकालिकांत आलेल्या जाहिराती ताडून पाहून निबंध लिहावयास सांगतात. हा स्वाध्याय वरवर पाहतां व्यापारशास्त्राचा दिसतो. वस्तुतः तो साधनचिकित्सेचा आहे. म्हणून आपल्या मंडळींच्या परिचयाचा प्रश्न येथें प्रथमच विचारणें इष्ट होय : जाहिरात हा अस्सल कागद मानावयाचा, कीं बखरींत त्याची गणना करावयाची ? उत्तरासाठीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांतील नियतकालिकांत गाजलेल्या दोन जाहिरातमाला घेऊं.

प्रथम काळाची पार्श्वभूमि थोडक्यांत सांगतों. १८५३ सालीं ब्रिटिश सरकारनें जाहिरातींवरील कर उठविला आणि त्याच वर्षीं साबणावरील करहि रद्द केला. १८५५ त वृत्तपत्रांचा मुद्रांक-कर व १८६१ त कागदावरील जकात गेली. साबण स्वस्त झाला, कागद स्वस्त झाला, आणि साबणाची स्तुति छापणेंहि स्वस्त झालें. पुढें सचित्र साप्ताहिकें व मासिकें साबणांच्या जाहिरातींनीं भरून गेलेलीं दिसतात, त्याचें मूळ येथें आहे.

पिअर्सचा पारदर्शक साबण जुना. कॉर्नवॉलहून लंडनास येऊन केशकर्तनाचा धंदा करणाऱ्या अँड्र्यू पिअर्स यानें तो १८०७ च्या सुमारास विक्रीस आणला. परंतु त्याची ख्याति सर्वत्र झाली ती टॉमस बॅरट हा १८६५ सालीं पेढींत आल्यावर. बॅरटची रीति साक्षीदार उभे करण्याची होती. त्वचारोगांचे विख्यात वैद्य सर इरॅस्मस विल्सन व नटी लिली लँग्ट्री यांचीं शिफारसपत्रें त्यानें छापलीं. या शिफारसींची थट्टा म्हणून 'पंच' साप्ताहिकांत १८८४ सालीं हॅरी फर्निस याचें एक व्यंगचित्र आलें. त्यांत एक मळकट भटक्या पत्र लिहितो कीं, दोन वर्षांमागें मीं आपला साबण वापरला, त्यानंतर दुसरा म्हणून वापरलाच नाहीं. पेढीनें हें चित्रच पुढें आपल्या जाहिरातींत घेतलें. थट्टा हीच शिफारस झाली.

सनलाइटची कथा निराळी. विल्यम लीव्हर यानें १८८४ सालीं हें नांव नोंदविलें व पुढील वर्षीं वॉरिंग्टन येथें साबण करण्यास आरंभ केला. तोंपर्यंत वाणी लांब कांबीचा तुकडा कापून, तोलून देई. त्यावर कोणाचें नांव नसे. लीव्हरनें ठराविक आकाराच्या वड्या कागदांत गुंडाळून, नांव छापून विकल्या. त्याचें गिऱ्हाईक म्हणजे कपडे धुणारी, कष्टकरी घरची गृहिणी. तिला रंगरूपाची गोष्ट सांगून उपयोग नव्हता. श्रम किती वांचतील तें सांगावयाचें होतें. बायका पुरुषांपेक्षां लवकर म्हाताऱ्या कां दिसतात, अशा अर्थाचा प्रश्न विचारून धुण्याच्या दिवसाच्या कष्टांकडे बोट दाखविणारी त्याची जाहिरात प्रसिद्ध आहे. साक्षीदारांच्या ऐवजीं त्यानें जामीन दिला : साबणांत भेसळ सिद्ध करून देणारास १००० पौंड. वेष्टनें जमवून पाठविणारांस तो बक्षिसें देई.

आतां दोन्ही मालांतील एकेक चित्र समोरासमोर ठेवूं. जॉन एव्हरेट मिले यानें आपल्या नातवाचें, साबणाचे बुडबुडे उडवून वर पाहणाऱ्या मुलाचें, चित्र काढलें. तें १८८६ सालीं ग्रोव्हनर गॅलरींत मांडलें गेलें. 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'च्या सर विल्यम इन्ग्रॅम यांनीं तें घेऊन १८८७ च्या नाताळ अंकाबरोबर रंगीत छापून दिलें. त्यांजकडून बॅरटनें तें हक्कांसह २२०० पौंडांस विकत घेतलें, आणि चित्रांत पुढच्या बाजूस पिअर्सची वडी घालून जाहिरात केली. हक्क हातचे गेलेले असल्यामुळें मिलेचा इलाज नव्हता. लीव्हरनें १८८९ सालीं तोच कित्ता गिरविला. रॉयल अॅकॅडमीच्या प्रदर्शनांतील विल्यम फ्रिथ याचें 'नवा झगा' हें, शुभ्र वस्त्र पुढें करून दाखविणाऱ्या मुलीचें, चित्र त्यानें विकत घेतलें व 'किती स्वच्छ !' अशा अर्थाची ओळ घालून सनलाइटसाठीं छापलें. फ्रिथनें आपली नाराजी उघड बोलून दाखविली.

पोथ्यांचे पाठभेद पाहणाऱ्यास येथें परिचित खूण सांपडेल. बुडबुडा हें युरोपीय चित्रकलेंत क्षणभंगुरत्वाचें जुनें चिन्ह आहे. फ्रिथच्या चित्रासहि सर्व कांहीं व्यर्थ आहे या अर्थाच्या बायबलांतील वचनाची जोड होती. मूळ पाठ वैराग्याचा. त्यांत साबणाची वडी किंवा एक ओळ हा प्रक्षेप. आणि प्रक्षेपामुळें सबंध अर्थ फिरलेला. परंतु ज्याच्या संग्रहीं केवळ पिअर्सचें मुद्रण असेल, त्यास हा प्रक्षेप आहे हें कळावें कसें ? १८८७ चा नाताळ अंक जवळ ठेवल्यावांचून तें कळत नाहीं. एकच प्रत पाहून जाहिरातीचा अर्थ लावूं नये, हा पहिला नियम यांतून निघतो.

दुसरा नियम अधिक महत्त्वाचा आहे. अमेरिकेंतील 'मॅक्ल्यूर्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १८९९ च्या अंकांत पिअर्सची एक जाहिरात आहे. तींत पांढऱ्या गणवेषांतील नौदलाचा अधिकारी हात धूत आहे. कोपऱ्यांत जहाजें, आणि एका गुडघे टेकलेल्या काळ्या मनुष्यास साबण देणारा गोरा मनुष्य. किप्लिंगच्या त्याच वर्षींच्या, फिलिपाइन्सच्या प्रसंगावरील कवितेच्या शीर्षकांतील 'गोऱ्या माणसाचा भार' हलका करण्याचें पहिलें पाऊल म्हणजे स्वच्छता शिकविणें, असा मजकुराचा आशय. या कागदावरून फिलिपाइन्सांतील लोक अस्वच्छ होते असें जो लिहील, तो बखरकाराच्या शब्दावर लढाईंतील फौजेचा आंकडा लिहिणाराच होय. मात्र त्या वर्षीं अमेरिकन वाचकास कोणती गोष्ट ऐकावयास आवडेल असें विक्रेत्यास वाटत होतें, याविषयीं हाच कागद अस्सल पुरावा आहे. त्यावर तारीख आहे आणि तो त्याच क्षणीं, त्याच कामासाठीं लिहिला गेला. सारांश, जाहिरात मालाविषयीं जें सांगते त्या बाबतींत ती बखर. आणि सांगणारा व ऐकणारा यांविषयीं नकळत जें सांगून जाते त्या बाबतींत अस्सल चिटोरें.

हा प्रवाह आपल्याकडेहि आला. सनलाइटच्या पेट्या १८८८ सालीं कलकत्त्याच्या बंदरांत उतरल्या, असें त्या कंपनीच्या इतिहासांत नमूद आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळांत पिअर्सची पेढीहि लीव्हरकडे गेली व हे प्रतिस्पर्धी एका छत्राखालीं आले. त्याच सुमारास मुंबईंत अर्देशिर गोदरेज यांनीं प्राण्यांच्या चरबीवांचून, वनस्पतितेलापासून केलेला साबण बाजारांत आणला, आणि परदेशी साबण याहून चांगला आपल्यास ठाऊक नाहीं अशा आशयाची शिफारस रवीन्द्रनाथ ठाकुरांनीं दिली. बॅरटनें प्रचारांत आणलेली साक्षीदाराची रीति तीच. परंतु येथें साक्षीदार देशाभिमानाची साक्ष देत होता. दोन्ही शिफारसी जवळजवळ ठेवल्या म्हणजे स्वदेशीच्या चळवळीनें बाजाराची भाषा कशी पालटली तें दिसतें. सुट्या ठेवल्या तर दोन्ही नुसत्या साबणाच्या गप्पा ठरतात.

मराठी नियतकालिकांची तुलना या पद्धतीनें होण्यास वाव पुष्कळ आहे. 'मनोरंजन' मासिक १८९५ त निघालें व त्याचा दिवाळी अंक १९०९ त; 'किर्लोस्कर खबर' १९२० त एका कारखान्याचें पत्र म्हणूनच जन्मास आलें. परंतु साधनें मुळांतच खंडित असतील तर विद्यार्थ्यानें ताडावयाचें काय ? म्हणून संग्राहकांस विनंति आहे कीं, सुटा अंक हातीं आल्यास तो बांधणीस देण्यापूर्वीं त्याचें मलपृष्ठ व रंगीत कागद यांसह टिपण करावें : माल, किंमत, पत्ता, चित्र, साक्षीदार कोण, अंकाचा महिना कोणता. जाहिरात कापून चिकटवहींत लावावयाची असल्यास निदान अंकाचें नांव व तारीख पाठीमागें लिहावी. तारीख गेली कीं त्या कागदाचें अस्सलपण गेलें. आपल्या पूर्वसूरींनीं वाण्यांच्या दुकानांतील रद्दींतून दप्तरें वांचविलीं. त्याच वाण्याच्या मालाच्या जाहिराती रद्दींत जाऊं देणें हें त्यांच्या वारसांस शोभणारें नाहीं.